कोटा बारूहून आलेला डबा

फाटकातून आत येताच आइनोने झैतूनचा हात हातात घेऊन कपाळाला लावला, शिकवलं होतं तशी व्यवस्थित वाकली आणि म्हणाली, "कशी आहेस, माक झैतून?"

बिघडलं ते इथेच. माक म्हणजे आई. पाच वर्षांपूर्वी ही फिनलंडची पोर शाळेच्या देवाणघेवाणीत क्वालालंपूरला आली आणि दहा महिने झैतूनच्या घरी मानलेली मुलगी म्हणून राहिली, तेव्हापासून ती तिला नुसतं माक म्हणत आली होती. आईला कोणी नाव लावून हाक मारतं का? ती वेळ येते कधी, तर आया एकीहून जास्त झाल्या म्हणजे. गल्लीत एकच दवाखाना असला की लोक नुसतं दवाखाना म्हणतात. दुसरा उघडला की पहिल्याला पाटी लावावी लागते. झैतूनला आज पाटी लागली होती.

दुसरा कुठे उघडला हेही तिला ठाऊक होतं. आइनो गेले चार महिने आशियाभर भटकत होती. व्हिएतनाम झालं, लाओस झालं, थायलंड झालं आणि सरहद्द ओलांडून ती मलेशियाच्या उत्तरेकडच्या केलांतान राज्यात उतरली. कोटा बारूला दोन दिवस राहणार होती, ती तीन आठवडे राहिली. का, म्हणून विचारलं तर फोनवर एका बाईचा फोटो आला. डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, हातात झारा, आणि खाली दोनच शब्द, 'माक सोम'. आता मायदेशी जायचं लांबचं विमान उद्या रात्री क्वालालंपूरहून सुटणार होतं, म्हणून शेवटचे दोन दिवस झैतूनच्या पदरात पडले होते. लांबची विमानं कोटा बारूहून सुटत असती तर तेही पडले नसते, असं ती नवऱ्याला आठवडाभर ऐकवत होती. हमदान सरकारी जमीन खात्यातून निवृत्त झालेला माणूस. ऐकून घेण्यात त्याची हयात गेली होती.

सपाता काढता काढता आइनोने दुसरी बातमी दिली. तिचं नाव आता मेलाती होतं. पाच वर्षांपूर्वी झैतूनने तिचे लाल गाल बघून हौसेने मावार नाव ठेवलं होतं, मावार म्हणजे गुलाब. माक सोमने त्याचा मोगरा करून टाकला होता. हमदान म्हणाला की मोगराही छानच असतो. त्यानंतर त्याला बराच वेळ कोणी चहा विचारला नाही.

मग आइनोने पाठीवरच्या पोत्यातून एक डबा काढून टेबलावर ठेवला. तीन कप्प्यांचा, पांढऱ्या मुलाम्याचा, वर निळी फुलं रंगवलेला. "हा माक सोमने..." तिने सुरुवात केली.

"बॅगेत ठेव," झैतून म्हणाली. "घेऊन जा आपल्या देशी. इकडे खायला काही कमी नाही."

आइनोने तिच्याकडे पाहिलं, मान डोलावली आणि मुकाट्याने डबा बॅगेत ठेवला. इकडची माणसं वस्तू घेण्याआधी नको नको करतात, हे तिला याच घरात शिकवलं गेलं होतं. ती गुणी विद्यार्थिनी होती.

खरं तर झैतूनचा बेत अगदी आटोपशीर होता. शनिवारी गप्पा, रविवारी दुपारी आपल्या हातचं रेंडांग, म्हणजे नारळाच्या दुधात आटवलेलं मसालेदार गोमांस, आणि रात्री विमानतळ. पण अंगणात कपडे वाळत घालताना शेजारच्या सेनाहताई भिंतीवरून डोकावल्या. सेनाहताईंना दुसऱ्याच्या घरातलं दुःख वासावरून कळे. सगळं ऐकून त्या म्हणाल्या की काळजीचं कारण नाही, माणूस परदेशी परतताना जे शेवटचं खातो तीच चव विमानात तोंडात राहते आणि जन्मभर लक्षात राहते. केलांतानची बाई मधली झाली, तू शेवटची आहेस, डाव तुझ्या हातात आहे. मात्र गॅसवरचं रेंडांग म्हणजे शेवटचं रेंडांग नव्हे. लाकडांवर शिजव.

झैतून नेग्री संबिलानची, कुआला पिलाहच्या बाजूची. तिकडे मिरची कमी पडली तर पाहुण्याचा अपमान समजतात. रेंडांग करावं तर आम्हीच, आणि केलांतानचे लोक भातात, मच्छीत, जमल्यास लोणच्यातही साखर घालतात, याविषयी तिच्या मनात कधी शंका आली नव्हती. लाकडांची कल्पना तिला एकदम पटली. एक मोठं पातेलं इथे खाऊ घालायला आणि एक बरणी फिनलंडला न्यायला.

बरणीला पलीकडच्या गुणसीलन अंकलनी हरकत घेतली. ते जकात खात्यातून निवृत्त झालेले होते, आणि निवृत्त झाल्यापासून त्यांच्या नजरेतून काही सुटत नव्हतं. त्यांनी सांगितलं की मांसाचा पदार्थ त्या देशांत उतरू देत नाहीत, बॅग उघडून कचऱ्यात टाकतात. पोटातून नेलेल्या मालावर मात्र जगातलं कुठलंही खातं हात ठेवू शकत नाही. तेव्हा जे काही घालायचं ते मुलीच्या पोटात घाला. जाता जाता त्यांनी स्वतःपुरतं स्मरण दिलं की आपण गोमांस खात नाही, तर कोंबडीचं एक छोटं पातेलं वेगळं असावं.

दोन पातेली झाली म्हटल्यावर सेनाहताई म्हणाल्या, एवढं करतेच आहेस तर इमामांना बोलावून प्रवासाची दुआ म्हणवून घे, म्हणजे कंदुरीच झाली. कंदुरी म्हटली की गल्लीला सांगणं आलं. गल्ली आली की मांडव आला. आणि मांडव आला की रहिवासी संघाचे सचिव फौझी आले.

फौझींकडे छापील अर्ज होता. त्यात समारंभाच्या प्रकारापुढे चार चौकोन होते, लग्न, सुंता, मयत आणि इतर. मानलेल्या मुलीला निरोप हा प्रकार सरळ सरळ 'इतर'मध्ये बसत होता. पण 'इतर'साठी समितीची बैठक लागते आणि बैठक पुढच्या महिन्यात होती. हमदानने तीस वर्षं दुसऱ्यांचे अर्ज तपासले होते. 'इतर'वर खूण करणाऱ्या माणसाचं सरकार दरबारी काय होतं हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. सुंता आणि मयत दोन्हीही घरात काढून दाखवण्याजोगे नव्हते. त्याने लग्नावर खूण केली, शिक्का घेतला आणि घरी येऊन काम फत्ते झाल्याचं सांगितलं. कुठल्या चौकोनाने फत्ते झालं ते सांगायचं राहून गेलं. नियमाप्रमाणे फौझींनी संध्याकाळी गल्लीच्या सगळ्या फोनांवर कळवून टाकलं की उद्या दुपारी झैतूनबाईंच्या घरी लग्न आहे.

झैतून तोवर फोन बाजूला ठेवून नारळ खवत होती आणि आइनो शेजारी बसून गवती चहा कुटत होती. कुटता कुटता बोलणं चाललं होतं. माक सोम पहाटे उठून निळा भात करते. माक सोमच्या अंगणात बदकं आहेत. माक सोम हसली की तिचा सोन्याचा दात दिसतो. झैतूनला एकही सोन्याचा दात नव्हता, आणि आजवर त्याची उणीवही भासली नव्हती. तिने जिभेने दात चाचपून पाहिले.

"माक झैतून, तो डबा..." आइनोने मध्येच पुन्हा काढलं.

"ठेवलास ना बॅगेत? मग झालं."

हमदानने विचारलं की डब्यात आहे तरी काय. झैतून म्हणाली की दुसऱ्याच्या वस्तूकडे बघायची सवय या घरात कोणाला नव्हती, आता लागली असेल तर माहीत नाही. हमदान नारळाच्या करवंट्या भरायला लागला.

रविवारी सकाळी घरामागच्या बोळात चूल पेटली. पेटली म्हणजे पेटवण्याचा प्रयत्न झाला. हमदानने लाकडं आणली होती ती कोणीतरी तोडलेल्या रंबुतानच्या झाडाची, आणि झाड आपण तुटलोय हे अजून मान्य करायला तयार नव्हतं. बोळ धुराने भरला. मग सेनाहताईंची धुतलेली दुलई भरली. मग पुढची गल्ली. दहाव्या घरातल्या कोणीतरी कर्तव्य बजावलं, आणि रेंडांगचा रस्सा नुकता आटायला लागला होता तेव्हा आगीचा बंब घंटा वाजवत हजर झाला. बंब बोळात शिरेना, म्हणून तीन जवान पाईप ओढत पळत आले. समोर बघतात तो एक बाई डोळे पुसत पातेलं ढवळतेय, एक म्हातारा फुंकणीने फुंकतोय आणि एक सोनेरी केसांची मुलगी खोबरं भाजतेय.

"पाण्याचा एक थेंब जरी पातेल्यात पडला," झैतून म्हणाली, "तर मी इथेच या चुलीत बसेन."

जवानांनी पाईप गुंडाळला. कंदुरीच्या दारात आलेल्याला उपाशी पाठवत नाहीत, मग तो आग विझवायला का आलेला असेना. तिघांनाही थांबवून घेतलं.

दुपारी मांडव भरला आणि झैतून चक्रावली. निरोपाच्या जेवणाला गल्लीने एवढं नटून यावं? बायका जरीच्या पोशाखात, पुरुष टोप्या घालून, पोरांच्या हातात रंगीत कागदातल्या भेटी. दोघीतिघींनी झैतूनचे हात धरून डोळ्यांत पाणी आणून अभिनंदन केलं. आपल्या मायेची गल्लीला एवढी जाणीव आहे हे पाहून झैतूनही गहिवरली. मुलगी परत जातेय म्हणून एवढी माणसं आली. केलांतानात आली असतील का? नक्कीच नसतील.

आणि तो क्षण आला. आइनो चटईवर बसली, झैतूनने स्वतःच्या हाताने पहिलं रेंडांग तिच्या ताटात वाढलं. काळसर, तेल सुटलेलं, हळदीच्या पानाच्या वासाचं. आइनोने घास घेतला, डोळे मिटले आणि काही बोलणार, इतक्यात शेजारी बसलेला निक नावाचा अग्निशामक जवान भरल्या तोंडाने म्हणाला, "झकास झालंय, मावशी. फक्त चिमूटभर साखर हवी होती."

झैतूनने विचारलं, गाव कुठलं. तो म्हणाला, कोटा बारू.

त्यापुढचं सगळं झैतूनने नुसतं पाहिलं. कोटा बारू ऐकताच आइनोचे डोळे उघडले. ती निकशी बोलायला लागली, आणि बोलायला लागली ती त्या केलांतानी बोलीत, जिच्यातलं झैतूनला दहात दोन शब्द कळत. पोरगी खदखदून हसली. उठून धावत आत गेली आणि एक बाटली घेऊन आली. बुडू. केलांतानचं ते माशांचं आंबवलेलं काळं पाणी. तिने ते निकच्या ताटात ओतलं, स्वतःच्या ताटात ओतलं, थेट रेंडांगवर ओतलं. पातेल्यापाशी सकाळपासून उभं राहून झैतूनच्या पायांना सूज आली होती, आणि वर ते काळं पाणी पसरत होतं. तिच्या अंगाचा तिळपापड झाला, पण मांडवात सत्तर माणसं होती. म्हणून ती हसत राहिली. तेवढ्यात तिला दिसलं की हमदाननेही ताट पुढे केलंय. त्याने दोनदा घेतलं.

गल्ली हे सगळं वेगळ्या डोळ्यांनी पाहत होती. नवरी दिसत होती. नवरा कोण हे कोडं होतं ते आता सुटलं. गणवेशातला, उंच, नवरीने ओतलेलं खात तिच्याशी हसून बोलणारा. सेनाहताईंच्या सासूने पुढे होऊन निकच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली की विस्तवाची नोकरी आहे, जपून राहा, आता तू एकटा नाहीस. निकने ताट खाली ठेवलं. इमाम उठले, घसा साफ केला आणि हमदानला हळूच विचारलं की आधी निकाह लावायचा की प्रवासाची दुआ, कारण अर्जात एक आहे आणि आमंत्रणात दुसरं.

चौकोनाची हकिकत तेव्हा बाहेर पडली. जवान पाईप तिथेच विसरून बंबात जाऊन बसले. आइनोला हसू आवरेना. इमामांनी घाईघाईने दुआ आटोपली, आणि गल्लीने भेटी परत नेल्या, त्याआधी मात्र दोन्ही पातेली चाटूनपुसून रिकामी केली. गुणसीलन अंकलनी फौझींना नियम समजावून सांगितला. फौझींनी गुणसीलन अंकलना नियम समजावून सांगितला.

झैतून स्वयंपाकघरात एकटीच बसली होती. तिला रडू येत होतं, आणि रडू येतंय याचाच जास्त राग येत होता. दहा महिने या पोरीला ताप आला की उशाशी ती बसली होती. पहिल्यांदा मिरची खाऊन पोरगी रडली तेव्हा साखर तिनेच चाटवली होती. तीन आठवडे बदकं दाखवून कोणी आई होतं का? शेवटची चव म्हणाल तर ती बुडूची झाली. आता शेवटचा उपाय. खाल्लेलं माणूस विसरतो, दगड विसरत नाही. तिने ओट्याखालचा आपला दगडी खलबत्ता काढला, तिच्या आईचा, जुन्या टॉवेलात गुंडाळला आणि आइनोच्या बॅगेत कोंबला. रोज मिरची कुटशील तेव्हा आठवण येईल, असं तिने सांगितलं. रोज मिरची कुटणारी माणसं फिनलंडात किती असतील, हा विचार तिने केला नाही.

विमानतळावर बॅग काट्यावर चढली आणि खिडकीतल्या मुलीने खेदाने मान हलवली. वजन फार जास्त होतं. काहीतरी काढा.

झैतून याच वाक्याची वाट पाहत असल्यासारखी पुढे झाली. बॅग जमिनीवर आडवी करून तिने चेन ओढली. टॉवेलात गुंडाळलेला दगड सगळ्यात वर होता. तो तिने बाजूला सारला, आत हात घातला आणि निळ्या फुलांचा डबा बाहेर काढून उंच धरला.

"हा राहील," ती म्हणाली. "मांसबिंस असेल तर तसंही तिकडे उतरू देत नाहीत. गुणसीलन अंकलना विचार."

मागच्या रांगेने डब्याकडे पाहिलं. आइनोनेही पाहिलं, आणि तिचा चेहरा एकदम उजळला.

"म्हणजे घेतलास ना, माक? किती नको नको करायचं ते. मी कालपासून देतेय."

"काय देतेयस?"

"तुझाच आहे तो. माक सोमने तुझ्यासाठी पाठवलाय. मी तिच्याकडे तीन आठवडे रोज तुझ्या रेंडांगबद्दल बोलायचे. ती पहिले काही दिवस ऐकायची, मग उठून बदकांकडे जायला लागली. शेवटी एक दिवस तिने स्वतःच केलं. म्हणाली, तुझ्या त्या क्वालालंपूरच्या आईला दे आणि विचार, काय कमी आहे ते खरं सांग."

झैतून डबा धरून उभी राहिली. रोज, तीन आठवडे. ती बाई उठून बदकांकडे जायची. झैतूनच्या छातीवर दोन दिवस बसलेलं काहीतरी हळूच उठलं आणि निघून गेलं. त्या न पाहिलेल्या बाईबद्दल तिला एकाएकी इतकी माया दाटून आली की ती तिला तिथल्या तिथे मिठी मारू शकली असती.

बॅगेचं वजन बसवायला आइनोने जाड कोट अंगात चढवला, बूट बदलले आणि केळीच्या कापांची पुडी हमदानच्या हवाली केली. खलबत्ता बॅगेबरोबर गेला. मग बाकावर बसून झैतूनने डबा उघडला. रेंडांग होतं. कोरडं, नीट भाजलेलं, मुरलेलं. तिने बोटाने थोडं तोंडात घातलं, आणि सावकाश, फार सावकाश, तिच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. गूळ घातल्यासारखं गोड होतं.

आइनोने तोवर झैतूनच्या फोनवरून कोटा बारूला फोन लावून पडदा झैतूनसमोर धरला होता. फुलाफुलांचा रुमाल, घाबरलेले डोळे. दात दिसत नव्हता, कारण बाई हसत नव्हती. दोघींनी एकमेकींची तब्येत विचारली. नवऱ्यांची विचारली. बदकांचीही विचारली. तेवढ्यात विमानाची घोषणा झाली. आइनोने फोन झैतूनच्या हातात दिला, हात कपाळाला लावला, हमदानचाही लावला आणि कोटात घामाघूम होत आत गेली. काचेच्या दारापाशी वळून तिने हात उंच केला आणि ओरडली, "माक, येते मी."

"ये गं बाळा," झैतून म्हणाली.

"ये गं बाळा," फोनमधून आवाज आला.

दाराच्या काचेत सोनेरी केस दिसेनासे होईपर्यंत झैतूनने फोन तिकडे वळवून धरला. पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला. झैतूननेही ओढलं. हमदान डब्याचा दुसरा कप्पा उघडून खायला लागला होता.

"डबा सवडीने पाठवा," माक सोम म्हणाली.

"रिकामा कसा पाठवीन? भरूनच येईल. आमच्याकडची रीत आहे."

"आमच्याकडेही आहे." मग माक सोमने हळूच विचारलं, "ताई, आता ती नाही. खरं सांगा. काय कमी पडलं?"

झैतूनने फोनकडे पाहिलं. घाबरलेले, प्रामाणिक डोळे होते. तीन आठवडे आपलं कौतुक सोसलेली बाई होती. हिला खरं सांगितलं तर पुढच्या खेपेला आइनो कोटा बारूला उतरेल तेव्हा काय होईल, हेही झैतूनला त्याच क्षणी स्पष्ट दिसलं.

"काही म्हणजे काही कमी नाही," ती म्हणाली. "अगदी माझ्या आईच्या हातचं आठवलं. आता विचारताच आहात म्हणून सांगते. साखर थोडी कमी पडली."

फोनमध्ये सोन्याचा दात चमकला. "मला वाटलंच होतं," माक सोम म्हणाली. "मी घालत होते अजून. घरातल्यांनी हात धरला माझा."

हमदानने घास हातात धरून बायकोकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. झैतूनने फोनकडे बघून हसत हसत, बाकाखाली त्याच्या पायावर पाय दिला.